हनुवटीखालची थाळी

७ फेब्रुवारी १९८२ या दिवसापासून माझ्या वडिलांनी ख्रिस्तप्रसाद घेणे थांबवले. त्यानंतरच्या आठ आठवड्यांत त्यांनी एकही मिस्सा चुकवली नाही.

मला हे दिसले ते योगायोगाने. भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या चर्चमध्ये मी दर रविवारी शेवटच्या बाकावर बसत असे, पण त्याला उपासना म्हणता येणार नाही. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून पोचवत असे, आणि तासभर थंडीत बाहेर उभे राहण्यापेक्षा आत बसणे सोयीचे होते. मी बसून छताच्या लोखंडी कैच्यांवर किती भार असेल याचा मनातल्या मनात हिशेब करी. अण्णा मात्र वेदीपाशी असत. १९६१ साली संगमनेरजवळच्या खेड्यातून ते फिटर म्हणून भोपाळला आले. निवृत्त झाल्यावर चर्चमधली वस्त्रे, मेणबत्त्या, चषक आणि वेदीमागच्या खोलीची किल्ली त्यांच्या ताब्यात आली. शिवाय थाळी. मिस्सेत लोकांना ख्रिस्तप्रसाद म्हणून दिली जाणारी होस्ती म्हणजे बिनखमिराच्या गव्हाच्या पिठाची पातळ गोल चकती. फादरांनी वेदीवर ठरलेले शब्द उच्चारले की ती चकती उरत नाही, ख्रिस्ताचे शरीर होते, आणि तिच्या प्रत्येक कणात तो संपूर्ण असतो, अशी अण्णांची श्रद्धा. म्हणून ख्रिस्तप्रसाद वाटला जात असताना ते फादर कुरियन यांच्या उजवीकडे उभे राहत आणि घेणाऱ्या प्रत्येकाच्या हनुवटीखाली एक लहान मुलामा दिलेली थाळी धरत. कण पडलाच तर थाळीत पडावा, जमिनीवर नाही. सगळ्यांचे झाले की थाळी वेदीवर ठेवून, गुडघे टेकून, डोळे मिटून, सर्वांच्या शेवटी ते स्वतः जिभेवर घेत. त्या रविवारी रांग संपली, फादरांनी होस्ती उचलली आणि अण्णांनी मान किंचित हलवली. त्यांची नकाराची मान मी ओळखतो. माझ्या लहानपणाचा बराचसा भाग तिच्यासमोर गेला आहे. फादरांचा हात क्षणभर अधांतरी राहिला, मग होस्ती परत पात्रात गेली. अण्णांनी थाळी नेहमीसारखी पुसून ठेवली. परतताना पिपलानीच्या बाजारापाशी मी स्कूटर हळू केली आणि विचारले, "बरं वाटत नाही का?" मागून उत्तर आले, "बरा आहे. समोर बघ, म्हैस आहे."

कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझे काम ट्रान्सफॉर्मरचे तेल तपासण्याचे. तेल दिसायला स्वच्छ असते, आणि नेमके त्यामुळेच त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. दहा लाख भागांत पन्नास भाग पाणी असले तरी विजेच्या दाबाखाली ते दगा देते. पंधरा वर्षे हे काम केल्यावर माणसाला स्वच्छ दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीत पाणी दिसू लागते. अण्णांच्या बाबतीत मला ही सवय आणखी जुनी आहे, आणि तिच्या मुळाशीही पाणीच आहे. १९५१ साली, सात वर्षांचा असताना, माझा पहिला ख्रिस्तप्रसाद ठरला. त्या काळी आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये असा नियम होता, पाण्याचा थेंबसुद्धा. सकाळी मी आडावर आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, गळ्यात झेंडूची माळ पडली. देवळाच्या पायरीवर अण्णांनी माझ्या ओठांकडे पाहिले. "पाणी प्यालास?" आंघोळ करताना एक चूळ गिळली होती. मी खरे सांगितले, कारण त्या दिवशी खोटे बोललो तर नरक आहे असे मला नुकतेच शिकवले होते. अण्णांनी माझा हात धरून मला रांगेबाहेर काढले. बाकीच्या अकरा मुलांनी घेतला आणि मी गळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या मोजत बसलो. दोन वर्षांनी रोमने ठरवले की पाण्याने उपवास मोडत नाही. त्या दोन वर्षांत पाण्याच्या रेणूत काही फरक पडल्याची नोंद नाही. कॉलेजात गेल्यावर मी हे अण्णांना ऐकवले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नियम होता तेव्हा पाळला. बदलला तेव्हा तोही पाळला. तुला काय पाहिजे, मी आधीच बदलायचा होता?" या उत्तरात चूक कुठे आहे ते मला आजतागायत नीट सांगता आलेले नाही, आणि मी चर्चला जाणे सोडले ते त्याच वर्षी.

तेव्हा ७ फेब्रुवारीनंतर मी पद्धतशीर विचार सुरू केला. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षे रोज एक गोष्ट केली आणि एके दिवशी थांबवली, त्याला कारण असलेच पाहिजे, आणि अण्णांसारख्याच्या बाबतीत ते कारण त्याच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांत सापडले पाहिजे. पहिली शक्यता निषेधाची. फादर कुरियन केरळचे, पस्तिशीचे, उत्साही. आल्या वर्षातच त्यांनी बरेच काही हलवले होते. ज्या लाकडी कठड्यापाशी लोक गुडघे टेकत तो काढला. ख्रिस्तप्रसाद उभ्याने आणि हवा त्याला तळहातावर मिळू लागला. उरलेल्या होस्त्या जिच्यात ठेवतात ती पेटी वेदीच्या मधोमध होती, ती बाजूच्या कोनाड्यात गेली. आणि गिटार आले. अण्णा याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. कठड्याचे लाकूड वखारीत ठेवले जाण्यापूर्वी त्यांनी त्याला जवसाचे तेल मात्र लावले. पेटी कोनाड्यात गेल्यावर ते मधल्या वाटेने येत, कोनाड्याकडे वळत आणि दुखरा गुडघा पूर्ण जमिनीला टेकवत. थाळी त्यांनी सोडली नाही. तळहातावर घेणाऱ्यांच्या हाताखालीही ते ती धरत, त्यामुळे तरुण मंडळी गोंधळून थाळीतच हात ठेवत. "आता तिची गरज नाही म्हणतात ना फादर?" मी विचारले होते. "गरज नाही म्हणाले," अण्णा उत्तरले, "मनाई आहे असं नाही म्हणाले." या माणसाने निषेध म्हणून ख्रिस्तप्रसाद सोडावा हे मला पटत नव्हते, पण फादरांना पटले होते. मार्चच्या मध्यावर त्यांनी मला मिस्सेनंतर थांबवून घेतले.

"केशवजी, एक बात पूछूँ? आपके पिताजी हमसे नाराज़ हैं?"

"मुझसे तो हमेशा से हैं," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "हँसी की बात नहीं. दो बूढ़ी औरतों ने भी लेना बंद कर दिया. कहती हैं, साळवे अण्णा नहीं लेते तो कुछ तो गड़बड़ होगी. समझ रहे हैं? लोग सोचेंगे कि मेरी मिस्सा में ही खोट है." त्यांनी चष्मा काढून झग्याच्या टोकाला पुसला. ईस्टरच्या काळात वर्षातून एकदा तरी ख्रिस्तप्रसाद घेणे प्रत्येकाला बंधनकारक असते, हे त्यांनी मला नव्याने शिकवले. अण्णांनी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी सर्वांसमोर घेतला नाही, तर किल्ली आणि थाळी परत मागावी लागेल. "मुझे अच्छा नहीं लगेगा. पर पूरे पैरिश का सवाल है."

किल्लीवाचून अण्णा काय करतील याची कल्पना मी करून पाहिली आणि ती जमली नाही. कारखान्याच्या हजारो क्वार्टरांतल्या एकात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, माझ्या बायकोच्या रेडिओशेजारी बसलेला एक निवृत्त फिटर. यापलीकडे काही दिसेना. त्याच संध्याकाळी मी त्यांना सरळ विचारले. ते व्हरांड्यात चषक पुसायचे फडके वाळत घालत होते. ते फडके इतर कपड्यांत धुतले जात नसे; त्याचे पहिले पाणी तुळशीसारख्या जपलेल्या एका गुलाबाच्या मुळाशी जाई, कारण त्यात कण असण्याचा संभव. "अण्णा, घेत का नाही?" ते फडक्याच्या घड्या सरळ करत राहिले. "मी सध्या त्याजोगा नाही," ते म्हणाले. "फादर किल्ली मागणार आहेत." "मागू देत. गुरुवारपर्यंत आहे ना माझ्याकडे?" आणि आत गेले. सुलभा, माझी बायको, नागपूरची. तिच्या माहेरी दत्ताचे नवस आणि कोजागरी. ती दारातून म्हणाली, "तुमच्यात ते उपास चालू आहेत ना? अण्णा नुसती ज्वारीची पेज पितात दोन महिने. भाकरीला हात नाही. त्यात पुन्हा प्रसादही नाही म्हणता? सगळंच कसं सोडतात?" "उपवासकाळ आहे," मी म्हणालो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवसातून एकदाच जेवण, तेही अर्धवट, हा जुना नियम अण्णा अजून पाळत. नवा नियम फक्त दोन दिवसांचा होता. माझ्यासाठी त्यात संशयास्पद काही नव्हते. जन्मापासून दरवर्षी पाहत आलेलो मी.

'त्याजोगा नाही' हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना, दुपारच्या भोंग्याला, रात्री मच्छरदाणीत. त्या व्यवस्थेत या शब्दांना अगदी नेमका अर्थ आहे: अंगावर महापाप असताना ख्रिस्तप्रसाद घेऊ नये. आणि महापापावर उपायही त्या व्यवस्थेतच आहे: फादरांपुढे पापनिवेदन करावे, क्षमा मिळते, पुन्हा घ्यावा. अण्णा दर शनिवारी पापनिवेदनाला जात. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम आत बसलो आणि घड्याळ पाहिले. एक मिनिट दहा सेकंद. रविवारी पुन्हा मान हलली. यातून एकच निष्कर्ष निघत होता. पाप कबूल करूनही क्षमा मिळत नसेल तर माणूस ते सोडायला तयार नाही. किंवा तो ते सांगतच नाही. दोन्ही बाबतीत पाप चालू होते. हा निष्कर्ष काढल्यावर मला जे वाटले ते मी लिहून ठेवतो, कारण ते वगळले तर बाकीची नोंद खोटी ठरेल: मला हलके वाटले. एकतीस वर्षांपूर्वी एका घोटासाठी मला रांगेबाहेर काढणारा माणूस आता स्वतः रांगेबाहेर उभा होता, आणि ओठांकडे पाहण्याची पाळी माझी होती.

चालू पाप म्हटल्यावर शोध अवघड नव्हता. सुलभाने सहज सांगितले होते की अण्णा रोज दुपारी साडेतीनला फिरायला जातात आणि येताना जास्त तरतरीत दिसतात. मी दोन दिवस प्रयोगशाळेतून लवकर निघालो आणि अंतर ठेवून त्यांच्या मागे गेलो. वसाहतीचे फाटक ओलांडून, रेल्वेच्या बाजूने, ते सोनागिरीत गेले, रायसेनकडे जाणारा रस्ता ओलांडताना दोनदा थांबले, आणि निर्मलाबाईंच्या दारात शिरले. दार बंद झाले. निर्मलाबाई आमच्याच तालुक्यातल्या, कारखान्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, विधवा, साठीच्या आतबाहेर. मी समोरच्या पानठेल्यापाशी स्कूटर लावून उभा राहिलो. चाळीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी बेचाळीस. तिथे उभा असताना मला आईची आठवण यायला हवी होती. तिच्याऐवजी मला झेंडूचा वास आला, इतका स्पष्ट की मी ठेल्यावर हार टांगले आहेत का ते पाहिले. नव्हते. बंद दाराकडे पाहताना संशय ही एक प्रकारची ऊब आहे हे माझ्या ध्यानात आले. ज्याला विश्वास नाही त्याच्याकडे शेकायला दुसरे काही नसते. अण्णा बाहेर आले, रुमालाने तोंड पुसले, बाह्या खाली केल्या. बाह्या वर का होत्या? मी ते टिपून ठेवले. तोंड का पुसले, तेही.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, झावळ्यांच्या रविवारनंतरच्या मंगळवारी मी अण्णा निघून गेल्यावर पाच मिनिटांनी दार वाजवले. निर्मलाबाईंनी उघडले. हातात ओली फडकी होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"या साहेब. आज आत? पाळत ठेवायची तर सायकल बरी असते हो, स्कूटर सगळ्या गल्लीला ऐकू जाते. पानवाला विचारत होता, हे इन्कम टॅक्सचे का म्हणून."

मी तयार करून आणलेले वाक्य बोललो: वडिलांचे वय, लोकांची तोंडे, चर्चमधले त्यांचे स्थान. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा. नाही, तिथे नको, ती जागा ओली आहे."

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. स्टोव्हवर पातेले. खाटेखाली एक इनॅमलचे तसराळे, नुकतेच धुतलेले. डेटॉलचा वास.

"केशव," त्या एकेरीवर आल्या, "तेलात पाणी किती ते तुला कळतं म्हणे. काय, दहा लाखांत किती?"

"पन्नासपर्यंत चालतं."

"आणि घरातलं माणूस काय गिळतं ते नाही कळत? डिसेंबरात भाकरी अडकायला लागली. जानेवारीत भात. आता पेज, तीही चमच्या चमच्यानं, चाळीस मिनिटं लागतात, आणि त्यातली निम्मी त्या तसराळ्यात परत येते. मी पाठ चोळते, बाह्या वर करून तोंड धुऊन देते. तुमच्या घरी ओकले तर सून दवाखान्यात नेईल म्हणून इथे येतो तुझा बाप. शपथ घातलीय मला, ईस्टरपर्यंत बोलायचं नाही. मी म्हटलं, भाऊ, मी नर्स आहे, मला कळतं हे काय आहे. तर म्हणाले, मलाही कळतं, पण आता गेलो तर मुंबईला पाठवतील, आणि पवित्र आठवड्यात थाळी कोण धरणार? एकदा सुटली की फादर ती पुन्हा काढायचे नाहीत."

त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "शपथ मोडली मी. सांगेन शनिवारी फादरांना. तू काय सांगणार ते बघ."

बुधवारी सकाळी कारखान्याच्या दवाखान्यात अण्णांना बेरियमचा पांढरा घोट देऊन एक्स-रे काढले. त्यांनी विरोध केला नाही; निर्मलाबाईंचे नाव ऐकून फक्त "बाईमाणूस" एवढे म्हणाले. काचेवर प्रकाश लावून डॉक्टरांनी मला दाखवले. पांढरी रेघ छातीच्या खालच्या भागापर्यंत रुंद उतरत होती, मग एकाएकी उंदराच्या शेपटीसारखी बारीक, वाकडी होत होती. मला आलेख वाचता येतात. फादर कुरियन यांना मी फोन केला होता, ते सायकलवरून आले, घामाघूम, झग्याला तेलाचा डाग. अण्णा तपासणीच्या टेबलावरून उठायला लागले तसे त्यांनी खांदे धरून बसवले.

"पहले बोल देते, अण्णा! इतने दिन मैं क्या-क्या सोचता रहा."

"बीमारी पाप नहीं है, फादर," अण्णा त्यांच्या फिटरच्या हिंदीत म्हणाले. "कन्फेशन में क्या बोलता?" एक मिनिट दहा सेकंदांत अण्णांचे सगळे सांगून होत असे, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता.

फादर स्टूल ओढून बसले. ख्रिस्त चषकातल्या द्राक्षारसाच्या थेंबातही तितकाच संपूर्ण असतो, हे त्यांनी सांगितले. अण्णांना ते साठ वर्षांपासून पाठ होते. पण चषक सामान्य माणसासाठी नसतो, हेही पाठ होते, आणि मागून घ्यायचे नसते. आता परवानगी आहे, फादर म्हणाले, चमच्याने एक थेंब देता येईल. अण्णांनी विचार केला. कारखान्यात नवीन नकाशा हाती आला की ते असेच थांबत.

"नियम में बैठता है?"

"बैठता है."

"फिर ठीक." मग थोड्या वेळाने: "चमचा के नीचे थाली पकड़नी पड़ेगी. दूसरा आदमी चाहिए." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी होकार दिला. देवावर विश्वास नसलेल्या माणसाने थाळी धरायला नियमाची हरकत आहे का, हे कोणी विचारले नाही.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी मी ती धरली. ती वाटते त्याहून हलकी असते. थेंब पडला नाही.

शुक्रवारी मी अण्णांना मुंबईच्या गाडीत बसवणार होतो. त्याआधी खाटेवर टेकून त्यांनी मला एकदाच, न विचारता, सगळे सांगितले, आणि ते मी इथे त्यांच्या क्रमाने लिहितो. ६ फेब्रुवारीच्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे ख्रिस्तप्रसाद घेतला. तो छातीत अडकला. वेदीमागच्या खोलीत पोचेपर्यंत त्यांनी ओठ दाबून धरले, पण तिथे तो परत आला, ओलसर, अर्धा विरघळलेला, आणि फरशीवर पडला. त्यांनी दार लावले. गुडघ्यांवर बसून प्रत्येक कण बोटाने उचलला, पाण्याच्या भांड्यात ठेवला, फरशी तीन वेळा पुसली, ते पाणीही भांड्यात घेतले. भांडे झाकून कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळे विरघळल्यावर ते गुलाबाच्या मुळाशी ओतले. फरशीच्या एका भेगेत काही गेले असेल का, हे त्यांना नक्की सांगता येत नव्हते. सतत ओकारी होणाऱ्या माणसाने ख्रिस्तप्रसाद घेऊ नये असे जुन्या नियमांत आहे. 'त्याजोगा नाही' याचा अर्थ तेवढाच होता. कोणावर राग नव्हता, कोणते पाप नव्हते, श्रद्धेत उणे-अधिक काही झाले नव्हते. अन्ननलिकेच्या खालच्या एक तृतीयांश भागात, जठराच्या तोंडाच्या चार सेंटिमीटर वर, कर्करोगाची गाठ होती. त्यांना गिळता येत नव्हते, आणि तो पुन्हा जमिनीवर पडू नये म्हणून ते घेत नव्हते.